साडेपाच नांदेड

पंचाक्षरी सरांनी लेक अमेरिकेला दिली ती हिशेब करून दिली, आणि तो हिशेब अख्ख्या लातूरला ऐकवला. लातूरहून नांदेडला एसटीनं चार तास. मुंबईहून डेट्रॉइटला विमानानं, अधेमधे थांबत, बावीस तास. बाविसाला चारानं भागा, आले साडेपाच. म्हणजे अमेरिका ती काय लांब, साडेपाच नांदेड. शाळेत, मठात, न्हाव्याच्या खुर्चीत गालाला साबण लावलेला असताना, जिथं म्हणून चार माणसं सापडतील तिथं सर हे गणित मांडायचे. लातूर ते मुंबई ही एक रात्र त्यांनी त्यात धरलीच नव्हती. पण विचारणार कोण? भूगोलाचा मास्तर सांगतोय म्हटल्यावर लोक माना डोलवायचे.

भूगोल शिकवायला लागून त्यांना चोवीस वर्षं झाली होती. वर्गात पृथ्वीचा गोल आणायचा, खिशातून दोरा काढायचा आणि दोन गावांमध्ये ताणून अंतर मोजून दाखवायचं, ही त्यांची खासियत. पोरं नकाशावर आफ्रिकेवरून सरळ रेघ मारायची. सर दोरा ताणून दाखवायचे की वाट वर उत्तरेकडून, बर्फाच्या अंगानं जाते. विमान कागदावरून उडत न्हाई बाळांनो, पृथ्वीवरून उडतं, असं म्हणायचे. मुंबई ते डेट्रॉइट बारा हजार नऊशे किलोमीटर, हे त्यांनी दोऱ्यानंच काढलं होतं आणि ते बरोबरही होतं. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला तेव्हा शाळेच्या भिंतीवरचा जुना नकाशा त्यांनी पदरचा रंग आणून दुरुस्त केला. उस्मानाबादेतून लातूर वेगळं काढताना त्यांचा ऊर असा भरून आला होता, की बघणाऱ्याला वाटावं हद्द यांनीच आखून दिली.

तर अशा माणसाला त्याची बायको काय सांगणार? रत्नम्माला लेक इतक्या लांब द्यायची नव्हती. तिची धाकटी बहीण महादेवी नांदेडला दिलेली, नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान. तिनं तिकडचं एक स्थळ आणलं होतं, मुलगा रेल्वेत कारकून, आईबाप साधे, जातीतले. रत्नम्मा म्हणाली, "पोरीला ताप आला तर सकाळच्या गाडीनं जाऊन दुपारी तिच्या उशाशी बसता येईल, असं घर बघा."

"तिथंही ताप आला तर दुसऱ्या दिवशी पोचता येतंच की," सर म्हणाले. "माझी आई देवणीहून माहेरी जायला निघाली की गाडीबैलानं दोन दिवस लागायचे. तेव्हा कुणी रडलं न्हाई."

सिद्धेश्वर डेट्रॉइटला मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. तीन आठवड्यांच्या रजेत आला, मुलगी बघितली, लग्न केलं आणि गेला. दोन महिन्यांनी शिवकांताही गेली. मुंबईच्या विमानतळावर रत्नम्मानं पोरीचा हात सोडला न्हाई, तेव्हा सरांनीच तिची बोटं एकेक करून सोडवली. म्हणाले, "रडू नको, उद्या या वेळेला ती पोचलेली असंल." आणि खरोखर पोचली. पोचल्याची तार आली तेव्हा त्यांनी घड्याळात बघून, किती तास लागले ते महादेवीला पत्रानं कळवलं.

पहिलं वर्ष पत्रं यायची, भरभरून. मग दोन ओळींची. मग नुसतं "मी बरी आहे". रत्नम्मा म्हणायची, पोरीचं अक्षर बारीक झालंय. सर म्हणायचे, कामं असतात, तिकडं मोलकरीण नसते.

शहाऐंशीचं ते साल. दुष्काळ सलग दुसऱ्या वर्षी मुक्कामाला आलेला. जिल्ह्याची कचेरी नवी, साहेब नवे, जीपगाड्या नव्या, आणि नळाला आठ दिवसांतून एकदा तासभर पाणी. बाया घागरींच्या जागी दगड ठेवून नंबर धरायच्या आणि दगड सरकवला म्हणून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. फेब्रुवारीत शिवकांताचं पत्र आलं की तिला दिवस गेलेत, आता सहावा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडं ठरलेलं. तशी सिद्धेश्वरचीही हरकत नव्हती, तिकडच्या दवाखान्याचं बिल परवडत न्हाई म्हणाला. पत्राच्या शेवटी एकच ओळ जरा दाबून लिहिलेली होती. अप्पा, मला सातव्यातच बोलवून घ्या.

"सातव्यात बोलवा," रत्नम्मा लगेच म्हणाली. "लेक स्वतःहून मागतीय."

"बघू," सर म्हणाले. सरांच्या घरात बघू म्हणजे न्हाई.

मार्चच्या बावीस तारखेला सकाळी महादेवी नांदेडच्या पहिल्या गाडीनं आली. घरी आली न्हाई, सरळ शाळेत आली. सरांना वर्गातून बोलावून सायकलींच्या छपराकडं घेऊन गेली आणि पिशवीतल्या बांगड्यांच्या खोक्याखालून एक पाकीट काढलं. शिवकांतानं ते शेजारणीच्या हातानं टपालात टाकलं होतं, पत्ता दुकानाचा घातला होता.

"अक्काला दाखवू नको म्हणून लिहिलंय पोरीनं," ती म्हणाली. "तुम्ही वाचा दाजी."

सरांनी वाचलं. पत्र लांब नव्हतं. मावशी, मला इथे मार बसतो. पोटुशी आहे म्हणूनही थांबलेलं नाही. यांना काही बोलायची सोय नाही आणि इथे माझं कोणी नाही. बाळंतपणाचं निमित्त हे माझं एकच दार आहे. एकदा घरी आले की मी परत जाणार नाही. काही करून अप्पांना सांगून सातव्यात बोलवून घे, पुढे मला धीर नाही. अव्वाला सांगू नको, ती अंथरूण धरेल.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा वाचलं. भूगोलात असलं काही नव्हतं.

"नव्या संसारात भांड्याला भांडं लागतं," ते शेवटी म्हणाले.

"हे भांडं न्हाई दाजी. तार करा. आज करा. सातव्यातले अजून बारा दिवस हातात हायत, तिचं तिकीट निघंल."

"तारेत काय लिहू? तारमास्तर माझा विद्यार्थी हाय. सगळ्या गावाला कळंल."

"लिहा आई आजारी हाय म्हणून. काय वाट्टेल ते लिहा."

सरांनी पत्राची घडी घालून तिच्या हातात दिली. आता इथं त्यांना नुसतं मूर्ख ठरवून मोकळं होता येत न्हाई, कारण त्यांच्या पोटात एक खरी भीती होती. बारा दिवसांत तिकीट, रजा, सामान यातलं एक जरी मागंपुढं झालं असतं तरी पोरीला आठव्यात निघावं लागलं असतं. आणि लेकीला सातव्यात आणावं न्हाईतर नवव्यात, आठव्यात जागची हलवू नये, हे त्यांनी पोथीत वाचलेलं नव्हतं, डोळ्यांनी बघितलेलं होतं. त्यांची थोरली बहीण साखराबाई आठव्यात गाडीबैलानं माहेरी यायला निघाली आणि वाटेतच, देवणीच्या अलीकडच्या ओढ्यात, बाळासकट गेली. नऊ वर्षांचे सर गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसले होते. गाडीच्या फळ्यांतून काय गळलं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं न्हाई.

"नववा लागला की आणतो," ते म्हणाले. "महिन्या-दीड महिन्याचा प्रश्न हाय. दीड वर्ष काढलं तिनं."

सख्ख्या दाजीला फाडून बोलायची रीत न्हाई, म्हणून महादेवीनं आवाज खाली आणला. "दीड महिना तुमच्या कॅलेंडरात हाय दाजी. तिच्या अंगावर किती हाय ते तुम्ही मोजलं का?"

त्यावर सर म्हणाले की तासाची घंटा झाली.

महादेवी घरी आली, बहिणीच्या हातचा चहा प्याली, मूग गिळून बसली आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. पोरीनं शपथ घातली होती, ती तिनं पाळली. ती तिनं पाळायला नको होती, हे पुढं ती मरेपर्यंत म्हणत राहिली, पण बैल गेल्यावर झोपा करून काय होतं?

सरांनी जावयाला इंग्रजीत ताठ अक्षरात पत्र लिहिलं, लेकीला मराठीत. नववा महिना लागल्यावर यावे, तोवर प्रकृतीस जपावे, देव सर्व बरे करील. त्या मारहाणीबद्दल एक अक्षर लिहिलं न्हाई. जावयाच्या हातात पत्र पडलं तर, अशी धास्ती होती, आणि तिला अर्थ होता. पण पत्र टाकून घरी येताना त्यांना हलकं वाटलं. काम मार्गी लागलं असं वाटलं. माणसाला एखादी गोष्ट करायची नसली की तिची तारीख ठरवली तरी केल्यासारखं वाटतं.

नववा लागत होता मेच्या चार तारखेला. रत्नम्मानं बोटांवर मोजून सांगितलं, "पाच तारखेला बसू द्या तिला विमानात." तिला काही ठाऊक नव्हतं, पण तिला झोप लागत नव्हती.

"आठला अमावस्या हाय," सर म्हणाले. "अमावस्येच्या तोंडावर कसं?"

"मग नऊला."

"बाराला बसवजयंती. मी समितीचा सेक्रेटरी. मिरवणूक टाकून मुंबईला कसा जाऊ? यंदा कलेक्टर येतायत."

हे मात्र भीतीपोटी न्हाई, हे मिजाशीपोटी होतं. आजवर कलेक्टर बघायचा तर उस्मानाबादेला जावं लागायचं. आता कलेक्टर लातुरात राहत होता, आणि पालखीपुढं उभ्या राहिलेल्या कलेक्टरच्या गळ्यात हार घालायचा मान सेक्रेटरीचा होता.

"मिरवणूक दर साली निघती," रत्नम्मा म्हणाली. "आणायला महादेवीचा मालक जाईल. तुम्ही हार घाला."

"माझ्या लेकीला मीच आणणार," सर म्हणाले. ऐकायला किती गोड. सतरा तारीख ठरली. सतराला पहाटे डेट्रॉइट सोडायचं, न्यूयॉर्कला मोठं विमान धरायचं, लंडनला तास-दोन तास थांबून अठराला, रविवारी, सकाळी अकरा वाजता मुंबई. सरांनी हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरावर रंगीत पेन्सिलींनी लिहून ठेवलं, तिकडची वेळ निळ्यानं, इकडची लालनं.

जयंती थाटात झाली. कलेक्टरांच्या पायाखाली धूळ नको म्हणून मिरवणुकीच्या रस्त्यावर टँकरनं पाणी मारलं, आणि गटारीच्या कडेला साचलेलं ते पाणी बाया वाटीवाटीनं बादलीत भरत होत्या. सरांनी हार घातला. फोटो निघाला. घरी येऊन ते म्हणाले, "आता पाच दिवस." रत्नम्मानं माळ्यावरचा पाळणा काढून धुवायला घेतला होता, एका तांब्यात जेवढा धुवून होईल तेवढा.

शनिवारच्या गाडीनं सर मुंबईला निघाले. रात्रभर खिडकीत बसून ते मनातल्या मनात पोरीला पुढं सरकवत होते. आता न्यूयॉर्क. आता समुद्र. आता लंडनला उतरली असंल, काहीतरी खाल्लं असंल. लेकीला मार बसतो हे कळल्यापासून जवळपास दोन महिन्यांत ते पहिल्यांदाच मनाशी खरं बोलले. ठरवलं, की आल्यावर तिला काही विचारायचं न्हाई. परत पाठवायचं न्हाई. लोक बोलतील ते बोलू देत, मास्तरची पोर माहेरी बसली म्हणतील, म्हणू देत. बीएडला घालू. तिचं पोर आपण वाढवू. हे सगळं ठरवताना त्यांचे डोळे भरून आले आणि ते स्वतःवर खूष झाले.

विमान अकरा वाजून पाच मिनिटांनी उतरलं. सरांनी घड्याळ बघून मान हलवली. माणसं बाहेर यायला लागली, ढकलगाड्यांवर पेट्या, पेट्यांवर पोरं. दर वेळी दार उघडलं की सर टाचा उंचावायचे. साडेबाराला गर्दी विरळ झाली. एकला दारातून फक्त झाडूवाले येत होते. पोट घेऊन चालती, हळू येत असंल, म्हणून ते आणखी तासभर कठड्याला धरून उभे राहिले. मग विमान कंपनीच्या खिडकीशी गेले.

खिडकीत बसलेली मुलगी शिवकांताच्याच वयाची होती, मराठी होती. तिनं नाव विचारलं, कागद चाळले, आत जाऊन आली, परत एकदा आत जाऊन कुणाला तरी विचारून आली.

"काका, त्या न्यूयॉर्कला विमानात बसल्याच नाहीत. बसू दिलं नाही त्यांना."

"का? तिकीट हाय. पक्कं तिकीट हाय."

"गरोदर होत्या ना? छत्तीस आठवडे पूर्ण झाले होते. त्यानंतर एवढ्या लांबच्या विमानात घेत नाहीत, नियम आहे. वाटेत काही झालं तर कोण जबाबदार?"

सर म्हणाले, "पण नववाच लागलाय. नवव्यात आणायची रीत हाय आमच्यात."

मुलीनं पुन्हा कागदाकडं बघितलं. "चार दिवस आधी असत्या तरी डॉक्टरच्या चिठ्ठीवर बसवलं असतं हो. सगळे सातव्या-आठव्यातच जातात, काका. तुम्ही इतकं थांबलात कशाला?"

चार दिवस. सतरातून चार गेले तेरा. जयंतीचा दुसरा दिवस. सरांना गणित येत होतं, म्हणून हे काढायला त्यांना काहीच वेळ लागला न्हाई. त्यांनी खिडकीच्या फळीला हात टेकवले. मुलीनं पाण्याचा ग्लास पुढं केला. तो त्यांनी तसाच फळीवर ठेवला.

सोमवारी सकाळी ते एकटेच दारात उभे राहिलेले बघून रत्नम्मानं आधी त्यांच्या मागं बघितलं, रिक्षाकडं. मग काही न विचारता खाली बसली. त्यांनी नियम सांगितला, आठवडे सांगितले. चार दिवसांचं सांगितलं न्हाई. ती म्हणाली, "मग ती आता हाय कुठं?" आणि सरांच्या ध्यानात आलं की हा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता. लेक लातूरला आली न्हाई एवढंच दुःख ते रात्रभर उराशी धरून आले होते. ती न्यूयॉर्कच्या विमानतळावरून गेली कुठं, कुणाकडं गेली, तिला जायला जागा होती का, हे त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं.

त्यांनी महादेवीला तार केली. आता तारमास्तरची लाज वाटली न्हाई. मंगळवारी दुपारी ती आली, पिशवीत ओटीच्या हिरव्या बांगड्या तशाच. बहिणीच्या पुढ्यात बसून तिनं शिवकांताचं ते पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "हे मार्चात आलं होतं अक्का. दाजींनी तेव्हाच वाचलं."

रत्नम्मानं नवऱ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पदर सारखा केला आणि म्हणाली, "मला ठाऊक असतं तर मी पायी गेले असते." एवढंच.

संध्याकाळी सातला शेजारच्या बापूसाहेब वकिलांच्या घरून हाक आली. गल्लीत फोन त्यांच्याकडंच होता. सर धावले, मागून रत्नम्मा, मागून महादेवी. लाइनीत खरखर होती, पण आवाज शिवकांताचा होता, आणि तो रडका नव्हता. तेच सरांना सहन झालं न्हाई.

"अप्पा, मी घरीच हाय. हे कामावर गेलेत, म्हणून लावला फोन."

"बाळ, ते नियमाचं मला ठाऊक नव्हतं गं."

"मला होतं," ती म्हणाली. "डॉक्टरनं सांगितलं होतं. म्हणून तर सातव्यात म्हटलं. मग तुम्ही तारीख कळवली. मी मोठा कोट घालून गेले, म्हटलं दिसणार न्हाई. त्यांनी कोट काढायला लावला."

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अप्पा, मी निघताना टेबलावर चिठ्ठी ठेवली होती. परत येणार न्हाई म्हणून. सगळं लिहिलं होतं, दीड वर्षाचं. दिवसभर, रात्रभर तिथं विमानतळावर बसले. दुसरं कुणी न्हाईच ना इथं. सकाळी यांनाच फोन करावा लागला. तोवर चिठ्ठी यांनी वाचली होती."

"मग?"

लाइनीत नुसती खरखर होत राहिली. सर पुन्हा म्हणाले, "मग काय झालं?"

"पोटाला लागलं न्हाई," शिवकांता म्हणाली. "पासपोर्ट त्यांनी कुलपात ठेवलाय. आता तो मिळायचा न्हाई म्हणालेत. मूल झाल्यावर ते इथलंच ठरतं अप्पा, यांच्या सहीशिवाय त्याला मला कुठं नेता येत न्हाई. अव्वाला यातलं सांगू नका."

अव्वा फोनच्या दुसऱ्या बाजूला कान लावून उभी होती. तिनं हात पुढं केला. सरांनी फोन दिला. "शिवा," ती म्हणाली, "शिवा, मी हाय," आणि तेवढ्यात लाइन तुटली. ती बराच वेळ तशीच मी हाय, मी हाय म्हणत राहिली. शेवटी बापूसाहेबांच्या बायकोनं तिच्या हातातून फोन काढून घेतला.

घरी येऊन रत्नम्मा उंबऱ्याच्या आत बसली. महादेवीनं दिवा लावला. मग रत्नम्मा सरांना म्हणाली, अगदी साध्या आवाजात, बाजारातून मीठ आणा म्हणावं तशी, "जावा. घेऊन या तिला."

"कुठं जावा?"

"तिकडं. बावीस तासांचंच हाय ना. आज निघाला तर परवा पोचाल."

दीड वर्ष सरांनी ते अंतर दोऱ्यानं मोजलं, तासांत मोजलं, नांदेडांत मोजलं. पण दर वेळी मोजलं ते लेक तिकडून इकडं येण्याचं. आपण उठून जावं लागेल, हे त्यांच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. त्यांनी मुंबईच्या पलीकडं पाऊल टाकलेलं नव्हतं.

"त्याला पासपोर्ट लागतो," ते म्हणाले.

"मग काढा."

ते उठले, चपला घातल्या आणि परत बापूसाहेबांकडं गेले. बापूसाहेब जेवायला बसले होते, ताटावरून उठून बाहेर आले. म्हणाले, "सर, ते काम इथं होत नाही. जिल्हा झाला आपला, पण पासपोर्टचं ऑफिस मुंबईला. फॉर्म तिथून आणायचा, भरून पाठवायचा, मग पोलिसांची चौकशी. सहा महिने धरा. त्यानंतर त्यांच्या वकिलातीचा परवाना. तो ते मास्तर माणसाला देतील न देतील, सांगता येत नाही." मग अवघडून म्हणाले, "कोर्टातून काही होतं का बघतो मी." सर हो म्हणाले. काही होणार न्हाई हे दोघांनाही कळत होतं.

दोन घरांमध्ये पंधरा पावलं होती. सर तेवढी चालून आपल्या दारापर्यंत आले आणि पायरीवरच थांबले. आत रत्नम्मा लेकीची पेटी उघडून बसली होती. नवऱ्याच्या प्रवासासाठी त्यातलं सामान काढून तिनं दोन धोतरं, दोन सदरे घड्या घालून ठेवले होते, आणि महादेवीला विचारत होती की तिकडं थंडी किती असते.

चपलांचा आवाज ऐकून तिनं आतूनच विचारलं, "किती दिवस लागतात म्हणाले?"

सर पायरीवर बसले. जन्मभर ज्यानं त्यानं विचारलं आणि त्यांनी अंतर सांगितलं, तास सांगितले, न अडखळता. आताही आकडा ठाऊक होता. तो सांगायला त्यांची जीभ उचलत नव्हती. आतून रत्नम्मानं पुन्हा विचारलं.